बिनशब्दांचं पुस्तक मुलांबरोबर कसं वाचायचं

बिनशब्दांचं चित्रपुस्तक पहिल्यांदा हातात आलं की मोठी माणसं अडखळतात. मुखपृष्ठावर नाव आहे, आत नुसती चित्रं. मग वाचायचं काय? बहुतेक वेळा दोनपैकी एक घडतं. मोठं माणूस मनाशी गोष्ट रचतं आणि भराभर सांगून टाकतं, नाहीतर ‘हे काय आहे? रंग कोणता? किती आहेत?’ अशी विचारपूस सुरू करतं. पहिल्या प्रकारात मूल नुसतं ऐकतं, दुसऱ्यात नुसती उत्तरं देतं. पुस्तकातली गोष्ट दोन्हीकडे मुलाच्या हाती लागत नाही. या पुस्तकांत शब्द नसतात ते एवढ्यासाठीच, की शब्द मुलानं घालावेत आणि मोठ्यानं कान द्यावा.

चित्र दाखवत गोष्ट सांगणं आपल्याला नवं नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी सुट्या कागदांवरची चित्रं एकेक करून समोर धरतात आणि रामायण-महाभारतातली आख्यानं गातात. या कलेसाठी आयुष्य घालवणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तिथं सांगणाऱ्याला आख्यान आधीपासून पाठ असतं. बिनशब्दांच्या पुस्तकात ते चित्रातून शोधून काढायचं असतं आणि शोधणारं मूल चार-पाच वर्षांचं असतं. म्हणून मोठ्यांची तयारी वेगळी लागते. पुढचं सगळं मुख्यतः तीन ते सात वर्षांच्या मुलांसाठी आहे, मग ती घरची असोत की अंगणवाडी-बालवाडीतली.

पुस्तक निवडताना

शब्द नसलेली सगळी पुस्तकं एका जातीची नसतात. पानागणिक एकच वस्तू दाखवणारी, जाड पुठ्ठ्याची पुस्तकं एक-दोन वर्षांच्या मुलांसाठी असतात. ती बोट ठेवून नाव घ्यायची, चावायची, उलटीपालटी करायची. दुसरी जात गर्दीच्या चित्रांची: बाजार, एसटी स्टँड, जत्रा. त्यांत शोधायला भरपूर असतं, पण पान उलटलं की गोष्ट पुढं जात नाही. पहिलीच्या पाठ्यपुस्तकात ‘चित्रवाचन’ म्हणून येतं ते साधारण याच जातीचं. तिसरी जात कथेची, म्हणजे आधीच्या पानावर घडलं त्याचा परिणाम पुढच्या पानावर दिसतो. इथं आपण या तिसऱ्या जातीबद्दल बोलतोय.

पहिलं कथापुस्तक घेताना दुकानात किंवा वाचनालयात उभ्या उभ्या पाच मिनिटं द्या आणि एवढं तपासा.

मुख्य पात्र एकच असावं आणि दर पानावर चटकन ओळखू यावं. कपड्यांचा रंग, शेपटी, टोपी, असं काहीतरी कायम हवं. मधेच कपडे बदलले की चार वर्षांच्या मुलाला ते पात्र नवं वाटतं.

एका जोडपानावर, म्हणजे पुस्तक उघडल्यावर समोरासमोर येणाऱ्या दोन पानांवर, एकच घटना असावी. एका पानावर सहा चौकटी असलेली पुस्तकं सुंदर असतात, पण चौकटी डावीकडून उजवीकडे आणि मग खालच्या ओळीत वाचायच्या, हे मुलाला अजून माहीत नसतं. ती सहाव्या वर्षानंतर.

दोन पानांमधली उडी फार मोठी नसावी. एका पानावर मुलगी घरात, पुढच्यावर डोंगरमाथ्यावर, मधलं काहीच नाही, अशी उडी मोठ्या मुलांना आवडते. लहान मुलं तिथं धागा सोडतात.

पुस्तक उघडून सपाट ठेवून पाहा. चित्रातली महत्त्वाची गोष्ट, एखादा चेहरा किंवा हात, मधल्या बांधणीत बुडत असेल तर ते पान गटाला दाखवताना वाया जातं.

पानांचं म्हणाल तर छपाईत एका मोठ्या कागदावर ८ किंवा १६ पानं एकदम छापून दुमडतात, त्यामुळे ही पुस्तकं बहुधा १६, २४ किंवा ३२ पानांची असतात. सुरुवातीला १६ पानी बरं. ३२ पानी असेल तर दोन बैठकांत वाचलं तरी चालतं; कुठं थांबायचं ते आधी ठरवा आणि काहीतरी घडायच्या बेतात असलेल्या पानावर थांबा.

ओळखीची गोष्ट घ्यावी का? अमेरिकी चित्रकार जेरी पिंकनी यांचं सिंह आणि उंदराच्या गोष्टीचं पुस्तक (२००९) जवळजवळ बिनशब्दांचं आहे, त्यात फक्त प्राण्यांचे आवाज लिहिलेत. त्याला चित्रपुस्तकांसाठी अमेरिकेत दिलं जाणारं कॅल्डेकॉट पदक २०१० साली मिळालं आणि चित्रं खरोखर अप्रतिम आहेत. पण गोष्ट आपल्याला पाठ असते, त्यामुळे ‘आता उंदीर जाळं कुरतडणार’ हे तोंडातून निसटतंच. नवख्या माणसानं स्वतःलाही माहीत नसलेली गोष्ट घ्यावी. मुलाबरोबर आपणही खरोखर शोधत असलो की गप्प राहणं सोपं जातं.

विकत घेणं जमत नसेल तर प्रथम बुक्स या मुलांची पुस्तकं काढणाऱ्या संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर (२०१५ पासून सुरू) मुक्त परवान्याची पुस्तकं फुकट उतरवून छापता येतात आणि त्यांत बिनशब्दांचीही आहेत. छापायची एक चांगली रीत अशी: समोरासमोरची दोन पानं एका आडव्या ए-फोर कागदावर, एकाच बाजूला, रंगीत छापा. प्रत्येक कागद मधोमध, चित्र आत ठेवून दुमडा. आता एका कागदाची कोरी पाठ पुढच्या कागदाच्या कोऱ्या पाठीला चिकटवत जा. असं पुस्तक पूर्ण सपाट उघडतं आणि बांधणीत काही बुडत नाही. पातळ डिंक किंवा फेव्हिकॉल पसरून लावला तर कागद फुगतो आणि लाटा येतात. ग्लू स्टिक वापरा आणि रात्रभर जड वस्तूखाली दाबून ठेवा. काळ्या-पांढऱ्या छपाईचा मोह टाळा, कारण मुलं पात्र ओळखतात ते बरंचसं रंगावरून.

आधी एकट्यानं

मुलासमोर पुस्तक उघडण्याआधी दोनदा एकट्यानं पाहा. पहिल्यांदा गोष्ट समजून घेण्यासाठी. दुसऱ्यांदा कडेकोपऱ्यांसाठी: खिडकीतलं मांजर, मागच्या पानावर उघडं असलेलं आणि इथं बंद झालेलं दार, बदलत जाणारं आभाळ. चित्रकार गोष्टीचा निम्मा भाग अशा जागी ठेवतात आणि मुलं तो मोठ्यांच्या आधी पाहतात. मुलानं ‘मांजर गेलं’ म्हटलं आणि आपल्याला मांजर होतं हेच माहीत नसलं, तर आपण ‘कुठलं मांजर? नाहीये मांजर’ म्हणून मोकळे होतो.

चिठ्ठीवर तीनच गोष्टी लिहा: गोष्ट कोणत्या पानावर वळते, कोणतं पान भीतीचं किंवा दुःखाचं आहे, आणि मुलाला लागतील असे आठ-दहा शब्द. उदाहरणार्थ टोपलं, फडकं, बांध, डोकावणं, दचकणं. हे शब्द शिकवायचे नाहीत. मूल ‘ते कापड’ म्हणालं की आपल्या तोंडी ‘हो, ते फडकं’ सहज यावं, एवढ्यासाठी. गोष्ट मात्र लिहून काढू नका. लिहिली की ती सांगाविशी वाटते.

बसायचं कसं

एकच मूल असेल तर मांडीवर किंवा शेजारी. दोघांना चित्र एकाच बाजूनं दिसायला हवं. पुस्तक मुलाच्या हातात आणि पान उलटणंही त्याच्याकडे. आपण फक्त खालून आधार द्यायचा. ज्या मुलांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी मात्र समोर बसा, पुस्तक दोघांच्या मधे सपाट ठेवा, कारण त्यांना चित्राबरोबर तुमचे हात आणि चेहराही दिसला पाहिजे. आणि हाताच्या खुणा चालू असताना पान उलटू नका. ती मुलं एका वेळी एकाच गोष्टीकडे पाहू शकतात.

गटात एका पुस्तकाभोवती चार ते सहा मुलं पुरेत. अंगणवाडीत वीस-पंचवीस मुलं असतात आणि सगळ्यांना एकदम दाखवायचा मोह होतो. मागच्या रांगेला रंगांचे ठिपके दिसतात, मग ती मुलं एकमेकांना ढोसायला लागतात आणि ‘मुलांचं लक्ष लागत नाही’ असा निष्कर्ष निघतो. त्यापेक्षा बाकीच्यांना मातीकाम, मणी, ठोकळे द्यावेत आणि एका गटाबरोबर दहा मिनिटं बसावं. आठवड्यात सगळे गट होतात. मुलं अर्धगोलात, पुस्तक त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणि धरणारा हात पानाच्या खालच्या कडेला. अंगठा चित्रावर आला तर नेमकं तेच झाकलं जातं. उजेड मुलांच्या पाठीमागून पुस्तकावर यायला हवा. खिडकी तुमच्या मागे असेल तर मुलांना पुस्तक काळपट दिसतं, आणि गुळगुळीत कागद ट्यूबलाइटखाली चकाकतो. तो थोडा पुढं झुकवून धरा.

पहिली फेरी: गप्प

पहिल्यांदा पुस्तक सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न विचारता, न सांगता पाहायचं. मुखपृष्ठावर थोडा जास्त वेळ थांबा आणि मुखपृष्ठाच्या आतल्या पानांवरही, कारण गोष्ट कधी कधी तिथूनच सुरू झालेली असते. मग दर जोडपानावर मनात सातपर्यंत आकडे मोजा आणि त्यानंतरच पानाला हात लावा. मूल पान धरून ठेवत असेल तर त्याच्या मनाप्रमाणे.

या फेरीत मूल आपणहून बोललं तर ‘हं’, ‘अरेच्चा’, एवढंच. सात सेकंदांची शांतता मोठ्यांना फार लांब वाटते. अमेरिकेत शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतल्या संभाषणांचा अभ्यास केला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभर थांबतात आणि मग स्वतःच बोलतात, असं त्यांना दिसलं. तोच अवधी तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलायला लागली. ते वर्ग शाळकरी मुलांचे होते. इथं तर मुलाला आधी चित्र पाहायचंय, मग शब्द शोधायचाय, मग बोलायचंय.

पहिली फेरी चाळीस सेकंदांत आटोपणारं मूलही असतं. त्याला अडवू नका. सगळी पानं उलटून शेवट बघायचा आणि परत पहिल्या पानावर यायचं, ही लहान मुलांची पुस्तकाशी ओळख करून घेण्याची रीत आहे. दुसऱ्या वेळी वेग आपोआप उतरतो.

दुसरी फेरी: मूल सांगतं

शक्यतो दुसऱ्या दिवशी. ‘काल आपण हे नुसतं पाहिलं. आज तू मला सांग,’ एवढं म्हणून पुस्तक मुलाच्या हातात द्या.

समजा, पुस्तकात एक मुलगी भाकऱ्यांचं टोपलं डोक्यावर घेऊन शेताकडे निघालीय. मागून एक शेळी येते, बांध आला की मान उंच करून टोपल्यातली एकेक भाकरी ओढते. मुलीला पत्ता नाही. चौथ्या जोडपानावर ताई आणि मूल असं बोलतात:

मूल: शेळी.
ताई: हं, शेळी.
(ताई थांबते.)
मूल: शेळी खाते.
ताई: शेळी भाकरी खाते. मुलीच्या मागून.
मूल: तिला दिसतच नाही!
ताई: तुला कशावरून वाटलं?
मूल: ती तिकडं बघते. पुढं.
ताई: हो, तिची नजर वाटेवर आहे.
मूल: मग ती सगळ्या भाकऱ्या खाणार. मग बाबा ओरडणार.

ताईनं इथं फार थोडं केलं. मुलाचा शब्द उचलून परत दिला, म्हणजे ऐकलं हे त्याला कळलं. ‘शेळी खाते’ या दोन शब्दांत भर घालून थोडं मोठं वाक्य त्याच्या कानावर घातलं, पण ‘असं म्हण’ असं सांगितलं नाही. एकच प्रश्न विचारला आणि तो मुलाच्याच बोलण्यावर. आणि कुठंही ‘बरोबर’ किंवा ‘शाबास’ म्हटलं नाही. हे शेवटचं पाळायला सगळ्यात अवघड आहे. ‘शाबास’ ऐकलं की मूल चित्राकडे पाहायचं सोडून आपल्या चेहऱ्याकडे पाहायला लागतं, पुढची शाबासकी कशाला मिळेल ते शोधायला.

बोलणं परत देऊन वाढवायची ही रीत तपासून पाहिलेली आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २१ ते ३५ महिन्यांच्या मुलांच्या पालकांना चित्रपुस्तक वाचताना मुलाला बोलतं करायला आणि त्याचं वाक्य वाढवायला शिकवलं होतं. महिन्याभरात ती मुलं भाषेच्या चाचण्यांत दुसऱ्या गटाच्या पुढं गेली. दुसऱ्या गटातले पालकही तितक्याच वेळा पुस्तक वाचत होते; त्यांनी वाचायची पद्धत फक्त बदलली नव्हती.

सुरुवातीला मूल नुसती नावं घेतं: मुलगी, झाड, शेळी. मग क्रिया येतात: चाललीय, खातेय. गोष्ट सुरू झाली हे ओळखायचं ते ‘मग’, ‘तेवढ्यात’, ‘पण’, ‘म्हणून’ अशा शब्दांवरून, आणि ‘चाललीय’च्या जागी ‘निघाली’ यायला लागली त्यावरून. ही पायरी यायला एकाच पुस्तकाच्या चार-पाच बैठका लागू शकतात. तोवर पुस्तक बदलू नका. दोन आठवडे एकच पुस्तक चालवायला हरकत नाही. कंटाळा आधी मोठ्यांना येतो. बैठक दहा ते पंधरा मिनिटांची, तीन वर्षांखालच्या मुलाची पाच मिनिटांची.

विचारायचं काय

फार थोडं. संग्रहालयांत चित्र पाहायला शिकवण्यासाठी अॅबिगेल हाउसेन आणि फिलिप येनावाइन यांनी तीन प्रश्नांची एक पद्धत बसवली. ती इथं तशीच चालते. पहिला प्रश्न: या चित्रात काय चाललंय? दुसरा: तुला कशावरून वाटलं? तिसरा: आणखी काय दिसतंय?

यांतला दुसरा प्रश्न सोन्यासारखा आहे, पण तो कुतूहलाच्या आवाजात विचारायला हवा. आवाज चढला तर तोच प्रश्न उलटतपासणी होतो आणि मूल आपलं म्हणणं मागं घेतं. एका जोडपानावर एकापेक्षा जास्त प्रश्न नकोत, आणि तीनातल्या एका पानावर काहीच विचारू नका.

रंग, संख्या, आकार यांचे प्रश्न या वेळेपुरते बाजूला ठेवा. ते वाईट नाहीत. त्यांना दिवसभर जागा आहे. पण शेळी भाकरी ओढतेय अशा रंगात आलेल्या जागी ‘भाकऱ्या किती?’ विचारलं की मूल गोष्टीतून बाहेर येतं आणि मोजायला लागतं. ‘यातून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न तर शेवटच्या पानाची सगळी मजा घालवतो.

मुलाची स्वतःची भाषा

शब्द छापलेले नसल्यामुळे हे पुस्तक कुठल्याही एका भाषेचं नसतं. नंदुरबारमधलं पावरी बोलणारं, मेळघाटातलं कोरकू बोलणारं, गडचिरोलीतलं गोंडी बोलणारं मूल अंगणवाडीत येतं तेव्हा मराठी गोष्ट त्याच्या डोक्यावरून जाते. बिनशब्दांचं पुस्तक मात्र ते पहिल्या दिवशी सांगू शकतं, स्वतःच्या भाषेत. ते सांगू द्या. ताईला ती भाषा येत नसेल तरी चित्र दोघांसमोर आहे, त्यामुळे बरंचसं कळतं. अंगणवाडीच्या मदतनीस त्याच गावच्या असल्या तर त्यांना शेजारी बसवा. पूर्ण गोष्ट आधी मुलाच्या भाषेत होऊ दे. मग पुढच्या बैठकांत ताईनं तीच पानं मराठीत दोन-दोन वाक्यांत सांगावीत. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर भाषांतराचीही गरज नसते, फक्त ‘असं नाही, असं म्हण’ ही सुधारणा टाळायची.

या पुस्तकांची ही ताकद ओळखूनच बालसाहित्यासाठी काम करणाऱ्या ‘इब्बी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०१२ साली एक उपक्रम हाती घेतला. आफ्रिका आणि मध्यपूर्वेतून निर्वासित येऊन उतरतात त्या इटलीच्या लाम्पेदूसा बेटावर, तिथल्या आणि बाहेरून आलेल्या मुलांसाठी, जगभरातून बिनशब्दांची पुस्तकं गोळा केली.

ज्यांना अक्षरं वाचता येत नाहीत अशा आई-आजींसाठीही हे पुस्तक आहे. पुस्तक घरी पाठवताना त्यांना ‘वाचून दाखवा’ म्हणू नका, तो शब्द ऐकून त्या मागं सरतात. ‘पोराला सांगायला लावा, तुम्ही ऐका,’ म्हणा.

परदेशातल्या मराठी घरांत मूल आपसूक इंग्रजीत सांगायला लागतं. ‘मराठीत सांग’ म्हटलं की गोष्टच थांबते. मुलाला त्याच्या भाषेत सांगू द्या आणि परत देताना मराठीत द्या: ते एक वाक्य म्हणेल, तुम्ही तेच मराठीत थोडं वाढवून म्हणा. आजी-आजोबा व्हिडिओ कॉलवर असतील तर दोन्हीकडे एकेक प्रत असणं सगळ्यात चांगलं. आजीला इंग्रजी येत नसेल तर मूल तिला समजावं म्हणून आपणहून मराठी शब्द शोधतं.

अडतं कुठं

‘तीन मुली आहेत.’ एकाच जोडपानावर तीच मुलगी तीन ठिकाणी काढलेली असते, आधी दारात, मग ओढ्यावर, मग झाडाखाली. लहान मुलाला त्या तीन वेगळ्या मुली दिसतात. यात मुलाची चूक नाही, ही चित्रकारांची एक रीत आहे आणि ती शिकावी लागते. मुलाचं बोट धरून त्या वाटेवरून फिरवा: ‘इथून निघाली... इथं आली...’ एकदोनदा पुरतं. विचारांचे ढग, पळताना मागं काढलेल्या रेषा, कडेला अर्धी कापलेली आकृती (‘हिचे पाय कुठे गेले?’) या सगळ्यांचं तसंच. अशा जागी समजावून सांगायला हरकत नाही. ते गोष्ट सांगून टाकणं नव्हे.

मूल बोलतच नाही. आठ-दहा मिनिटं नुसतं पाहणारं मूल वाचतच असतं. तरी दोन-तीन बैठका गेल्या तर आपण पहिलं पान एका वाक्यात सांगावं आणि अर्ध्यावर सोडावं: ‘मुलगी निघाली, आणि मागून...’ किंवा अभिनय करायला सांगा: शेळी कशी ओढते ते दाखव. शब्दांआधी हातपाय बोलतात.

गटात एकच मूल सगळं सांगतं. वाटेतला एखादा खडा किंवा मोठा मणी फिरवा. ज्याच्या हातात तो, त्याचं पान. बोलायचं नसेल तर खडा पुढं द्यायची मुभा असावी.

मूल भलतीच गोष्ट सांगतं. शेळी मुलीची बहीण आहे आणि तिला भूक लागलीय, असं म्हणालं तर? चित्रात त्याला विरोध करणारं काही नसेल तर ती गोष्ट खरी. चित्राशी उघड विसंगत असेल तर ‘तुला कशावरून वाटलं?’ विचारा आणि उत्तर ऐका. बऱ्याचदा मुलानं आपल्याला न दिसलेलं काहीतरी पाहिलेलं असतं.

भीतीच्या पानावर मूल ते पान भरकन उलटतं किंवा हातानं झाकतं. उलटू द्या. शेवटी सगळं ठीक होतं हे एकदा पाहिलं की पुढच्या वेळी बहुतेक मुलं त्याच पानावर सगळ्यात जास्त रेंगाळतात.

मुलाचं बोलणं लिहून घ्या

तिसऱ्या-चौथ्या बैठकीला कागद घेऊन बसा. मूल सांगेल ते त्याच्याच शब्दांत, न सुधारता, मोठ्या अक्षरांत लिहा. वर तारीख, नाव, पुस्तक. मग बोट फिरवत त्याला वाचून दाखवा. आपण बोललेलं कागदावर उतरतं आणि परत वाचता येतं, हे मुलाला इथं कळतं, अक्षरओळखीच्या कितीतरी आधी. त्याचं वाक्य आपण ‘नीट’ करून लिहिलं तर मूल लगेच सांगतं, मी असं नव्हतं म्हटलं.

हे कागद जपून ठेवा. दोन महिन्यांनी तेच पुस्तक पुन्हा घ्या आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा: वाक्यं किती लांबली, ‘मग-पण-म्हणून’ किती आले, पात्र काय विचार करतंय हे मूल सांगायला लागलं का. अंगणवाडीत पालकांना दाखवायला याहून चांगलं काही नाही. पुस्तकावर मात्र काही लिहू नका. शब्द एकदा चिकटले की पुढच्या मुलासाठी ते पुस्तक बिनशब्दांचं राहत नाही.

मुलांचं स्वतःचं पुस्तक

चार-पाच पुस्तकं झाल्यावर मुलांना पुस्तक करायला द्या. एका कागदाचं आठ पानी पुस्तक सगळ्यात सोपं. ए-फोर कागदाचं केलं तर पान जेमतेम ७.४ × १०.५ सेंमीचं होतं, लहान हातांना ते अपुरं पडतं. ए-थ्री घ्या, पान १०.५ × १४.८ सेंमी होतं. कागद चित्रकलेच्या वहीतल्याइतका जाड असावा. कार्डशीट घडीवर तडकते.

कागद लांबीच्या बाजूनं मधोमध दुमडून उघडा. मग रुंदीच्या बाजूनं दुमडा, ती घडी न उघडता परत एकदा रुंदीनंच दुमडा. उघडलं की आठ चौकोन दिसतील, चाराच्या दोन ओळी. आता फक्त रुंदीच्या मधल्या घडीवर कागद अर्धा दुमडा. बंद घडीच्या बाजूनं, लांबीच्या मधल्या रेषेवर, पहिल्या आडव्या घडीपर्यंतच कापा. कात्री त्यापुढं गेली तर पुस्तक सुटं होतं. कागद उघडा, लांबीनं दुमडून उभा धरा आणि दोन्ही टोकं एकमेकांकडे ढकला. मधली चीर उघडून अधिक चिन्ह तयार होईल. पानं एका बाजूला वळवून दाबा.

इथं सगळेजण एकच चूक करतात: सुटा कागद समोर ठेवून चित्रं काढायला बसतात. उलगडलेल्या कागदावर एक ओळ उलटी येते, त्यामुळे निम्मी चित्रं डोक्यावर उभी राहतात. आधी पुस्तक दुमडून तयार करा, पेन्सिलीनं प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात १ ते ८ आकडे घाला, मगच उघडा. आकडा सुलटा दिसेल अशा बाजूनं कागद फिरवून चित्र काढायचं. खूप लहान मुलांना दुमडलेल्या पुस्तकातच काढू द्या. तेव्हा मेण-खडू वापरा, स्केचपेनचा रंग मागच्या पानावर उतरतो.

पहिलं पान मुखपृष्ठ, आठवं मलपृष्ठ, म्हणजे गोष्टीला सहा पानं उरतात. पाच वर्षांच्या मुलाला ‘गोष्ट काढ’ म्हटलं तर ते सहा वेगळी चित्रं काढतं. म्हणून विषय रोजच्या कामाचा द्या, ज्यात आधी-नंतर आपोआप येतं. भाकरी घ्या: परातीत पीठ, त्यात पाणी, मळलेला गोळा, थापलेली भाकरी, तव्यावर, फुगलेली. काढायला कठीण जात असेल तर मोबाइलवर हेच सहा फोटो घ्या, ४ × ६ इंचांच्या प्रती काढा आणि मुलांना क्रम लावायला द्या. दोन फोटोंची जागा मुद्दाम बदलून ठेवली की गटात वाद सुरू होतो, थापायच्या आधी तवा कसा आला यावर, आणि ‘आधी’, ‘नंतर’, ‘तोपर्यंत’ हे शब्द शिकवावे लागत नाहीत.

पुस्तक तयार झालं की ते करणाऱ्या मुलानं लगेच वाचून दाखवायचं नाही. आधी दुसऱ्या मुलाच्या हातात द्यायचं आणि त्यानं सांगितलेली गोष्ट ऐकायची. ती वेगळी निघाली तर कुठल्या पानावर काय कमी पडलं हे चित्रकाराला स्वतःलाच दिसतं, आणि बहुतेक मुलं तिथल्या तिथं खडू उचलून ते पान दुरुस्त करायला बसतात.